साखर, हृदय आणि फडताळातल्या पुड्या

(मंडळाच्या श्रावणातील सभेत केलेले भाषण. पुष्कळ भगिनींच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. भाषण करावयाचे म्हणजे काय भाकरी थापणे आहे?" तर म्हणाल्या, "बाजारात त्या पुडीवाल्याशी भांडलात तेव्हा जे बोललात, तेच इथे बोला." तेव्हा उभी राहिले आहे, गोड मानून घ्यावे.

आपल्या गुरुवारच्या बाजारात मिरचीवाल्याच्या पलीकडे एक जण चादर पसरून बसतो. जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा पाला, अर्जुनाची साल, कारल्याच्या वाळक्या चकत्या, सगळे हारीने मांडलेले असते. वर पाटी, 'शुगर, बी.पी., हार्ट, तिन्हींवर एकच इलाज, गोळ्या कायमच्या बंद.' त्याच्यापुढे उभ्या असतात त्या बहुतेक आपल्यासारख्या बायकाच. कोणाला नवऱ्यासाठी हवे असते, कोणाला सासूसाठी. स्वतःसाठी घेणारी शेवटी घेते, तीही उरल्या पैशांत.

यात हसण्यासारखे काही नाही. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत आपल्या देशात मधुमेही माणसे दहा कोटींच्या वर असल्याचे निघाले. म्हणजे प्रत्येक गल्लीत, प्रत्येक वाड्यात कोणी ना कोणी आहेच. आणि त्यांना काय खायला-प्यायला द्यायचे, सकाळी कोणता रस, रात्री कोणते चूर्ण, हे ठरते आपल्या स्वयंपाकघरात. डॉक्टर दोन महिन्यांतून एकदा भेटतात, फडताळ रोज उघडते.

पुढे जे सांगणार आहे ते माझ्या पदरचे नाही. माझी भाची औषधनिर्माणशास्त्र शिकते. सुट्टीत आली की मी तिला प्रश्न विचारून भंडावून सोडते. तिने वैद्यकीय मासिकांतले वाचून मला मराठीत सांगितले, मी वहीत उतरून घेतले, आणि आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून वही तपासून घेतली. तेव्हा यातले शहाणपण त्या दोघींचे, आणि तिखटमीठ माझे.

मधुमेही माणसाला साखरेची भीती असते. पण त्याचा घात बहुधा हृदय करते. मधुमेह असलेल्यांत मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. साखर वर्षानुवर्षे चढती राहिली की रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरवडते. तेथे कोलेस्टेरॉलचा थर बसतो. आपल्या बोअरच्या पाण्याने नळाला आतून पांढरा थर चढतो ना, अगदी तसेच नव्हे, पण डोळ्यांपुढे आणायला तेवढे पुरे. त्यात रक्तदाब वाढलेला असला म्हणजे आतून दाब आणि भिंतीवर थर, अशी दोन्हीकडून कोंडी होते. म्हणून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल या तिघांना एकदमच धरावे लागते. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेही माणसांवर तसे करून पाहिले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तिन्ही गोष्टींवर कडक लक्ष, आहार आणि चालणे. सुमारे आठ वर्षांनी, २००३ साली, हिशेब मांडला तेव्हा दुसऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात अशा संकटांचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते. माझ्या थोरल्या जाऊबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. "सांग ग, लपवतेस काय त्यात," असे त्यांनीच सांगितल्यामुळे सांगते आहे. त्यांना बारा वर्षे मधुमेह. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी, असे सगळे रीतसर चालू होते. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी एक चूर्ण आणून दिले. देणारा म्हणाला, "गोळ्यांची शरीराला सवय लागते, आधी त्या बंद करा." बाईंनी बंद केल्या. बोटाला सुई टोचून साखर बघायचे यंत्र घरी होतेच. आठ दिवसांनी बघितली, साखर बरी! पंधरा दिवसांनी बघितली, तरी बरी! घरात आनंदीआनंद. जाऊबाई ज्याला त्याला सांगू लागल्या.

आता येथे जरा थांबून नीट पाहा. यंत्र साखरेचे होते. रक्तदाब बघायचे यंत्र घरी नव्हते आणि कोलेस्टेरॉल काही बोटाला टोचून कळत नाही. साखरेची गोळी बंद झाली, तिच्याबरोबर बाकीच्या दोन्हीही बंद झाल्या. त्या गोळ्या साखरेच्या नव्हत्याच, हृदयाच्या राखणीला ठेवलेल्या होत्या. राखणदार काढून टाकले आणि तिजोरीत पैसे आहेत ना एवढेच रोज मोजीत बसलो, असा तो प्रकार झाला.

चार महिने गेले. गौरी आणायच्या दिवशी सकाळी बाईंना दरदरून घाम आला, जबडा दुखू लागला, पाठीत भरून आले, दोन पायऱ्या चढल्या तर धाप. छातीत दुखत नव्हते. पित्त झाले असेल म्हणून आले-लिंबू घेऊन पडल्या. पुरणाचा घाट घालायचा म्हणून पुन्हा उठल्या. त्यांची सून मोठी हुशार. तिने कोणाचे ऐकले नाही, रिक्षा बोलावली आणि त्यांना रुग्णालयात नेले. तेथे हृदयाचा आलेख काढला, तो हृदयविकाराचा झटका निघाला. मधुमेहात मज्जातंतू बोथट होतात, त्यामुळे छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. आणि बायकांत धाप, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, विलक्षण थकवा अशी आडवळणाची लक्षणे पुष्कळदा दिसतात. भगिनींनो, एवढे एक तरी घरी घेऊन जा. मधुमेही बाईला असे काही एकाएकी झाले तर पित्त म्हणून पाणी पाजत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी विचारले, "औषधे कोणती चालू आहेत?" जाऊबाई गप्प. भाऊजी गप्प. चूर्ण हे औषध म्हणून सांगावे असे कोणाच्या मनातच आले नाही. शेवटी सुनेने पिशवीतून डबी काढून पुढे ठेवली. देवाच्या दयेने आणि वेळेवर पोचल्याने बाई वाचल्या. रक्तवाहिनीत जाळी बसवावी लागली. आता गोळ्या घेतात आणि मला रोज संध्याकाळी फिरायला ओढून नेतात.

मग झाडपाल्यात काही अर्थच नाही काय? तसे मी मुळीच म्हणणार नाही. जेवणानंतर घेतात ती मेटफॉर्मिनची गोळी कोठून आली ठाऊक आहे? युरोपात गॅलेगा नावाचे एक रोप होते. त्यातल्या द्रव्याने साखर उतरते असे दिसले. पण रोप विषारी, चरणाऱ्या मेंढ्या मरत. शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याच्या जातीतले, पण सौम्य असे औषध तयार केले आणि १९५७ साली पॅरिसच्या डॉक्टर झाँ स्टेर्न यांनी ते मधुमेही रोग्यांवर वापरून दाखवले.

आणि आपल्या मुंबईचीच गोष्ट घ्या. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. के. ई. एम. रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या ५० रोग्यांना देऊन, मोजून-मापून, १९४९ साली विलायतेतल्या हृदयविकारांच्या मासिकात निबंध लिहिला. साऱ्या जगाने सर्पगंधा उचलली. रक्तदाब खरोखर उतरत असे. पण पुढे ध्यानात आले की जास्त मात्रेने काही माणसे उदास होतात, रडत बसतात. मला ही गोष्ट फार आवडते. वनस्पती गुणकारी आहे याचाच अर्थ तिला मात्रा आहे, आणि मात्रा चुकली तर ती उलटेल. 'झाडपाला आहे, अपाय तर नाही ना होणार' असे आपण म्हणतो. अपाय ज्याने होणारच नाही त्याने उपाय तरी कसला होणार?

आता आपल्या फडताळातल्या एकेका वस्तूकडे येऊ.

मेथी. हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीदाण्यांवर चांगले काम झाले आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेथीच्या पुडीने रक्तातली साखर उतरली आणि कोलेस्टेरॉलही उतरले. मग मी भाचीला विचारले, "मेथी किती दिली?" ती म्हणाली, "तेल काढून घेतलेली पूड, दिवसाला १०० ग्रॅम." मी कपाळाला हात लावला. आपण रात्री चमचाभर दाणे भिजत घालतो आणि सकाळी गिळतो. चमचाभर मेथीने वाईट होत नाही, पण तिच्या जिवावर गोळी सोडणे म्हणजे वाटीभर पाण्याने वणवा विझवणे. आणि मेथीचा लाडू? त्यात मेथी किती आणि गूळ-तूप किती हे आपल्या हातांना पक्के ठाऊक आहे, मी सांगायला नको.

इसबगोल. याचे कौतुक कोणी करत नाही, कारण बाजारात त्याच्यापुढे पाटी नसते. गुजरातेत उंझ्याच्या बाजूला पिकतो, वाण्याकडे मिळतो, आणि आपण तो फक्त पोट साफ होण्यासाठी घेतो. परंतु रोज सुमारे १० ग्रॅम भुसा घेतला तर वाईट कोलेस्टेरॉल शेकडा पाच ते दहाने उतरते, असे पुष्कळ प्रयोगांत दिसलेले आहे. अमेरिकन सरकारने तर १९९८ साली त्याच्या डब्यावर हृदयाला उपयोगी असे छापायला परवानगी दिली. पाणी मात्र भरपूर प्यावे, नाहीतर घशात किंवा आतड्यात अडकतो; आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवावा, कारण तो गोळीलाही आपल्यात गुंडाळून घेतो.

लसूण. १९२ माणसांवर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहा महिने प्रयोग केला. कोणाला कच्ची लसूण, कोणाला लसणीच्या गोळ्या, कोणाला नुसतीच नकली गोळी. २००७ साली निकाल लागला, वाईट कोलेस्टेरॉलमध्ये फरक नाही. चटणीत, फोडणीत खुशाल घाला. मात्र जे रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेतात त्यांनी लसणीच्या पाकळ्या किंवा कॅप्सूल औषध म्हणून मोजून घेऊ नयेत, कारण लसूणही रक्त गोठू देत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.

गुग्गुळाची कथा वेगळी. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या बाईंनी सुश्रुताने सांगितलेल्या मेदोरोगाचा अभ्यास करून सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले. एका बाईने जुना ग्रंथ वाचून प्रयोगशाळेत पारखून पाहिला, याचा मला फार अभिमान वाटतो. पुढे लखनौला त्याचे औषधही निघाले. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांना आठ आठवडे देऊन पाहिले तर वाईट कोलेस्टेरॉल उतरायच्या ऐवजी थोडे वाढलेच, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. अर्जुनाच्या सालीचेही तसेच. आपल्याकडे हृदयासाठी ती फार पूर्वीपासून देतात, लहान प्रयोगांत आशाही दिसली होती. पण दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने अशक्त हृदयाच्या रोग्यांना बारा आठवडे दिली, त्याचा २०१६ साली निघालेला निष्कर्ष असा की हृदयाची पंपाची ताकद वाढली नाही. पारखून घेण्यात ग्रंथाचा अपमान नाही, असे माझे मत आहे.

गुडमारचे पान चावून वर साखर खाल्ली तर ती वाळूसारखी लागते. घटकाभर जिभेला गोड कळतच नाही. त्यावरून रक्तातली साखरही अशीच नाहीशी होईल असा लोकांचा समज. थोडाफार गुण असेलही. पण गुडमार, कारले, मेथी हे सगळे, आणि वर साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, असे एकत्र झाले तर साखर नको तितकी खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते. ज्याचे हृदय आधीच दुखावलेले आहे त्याला हे धोक्याचे. अशा वेळी शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरपाणी द्यावे, तेथे पथ्याचा विचार करू नये.

ज्येष्ठमध आपण घसा बसला की चघळतो. एखादा दिवस ठीक. पण महिनोन् महिने काढ्यात घातले तर रक्तदाब चढतो आणि रक्तातले पोटॅशियम उतरते, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सैंधवाबद्दलही तोच भ्रम. सैंधव म्हणजे मीठच हो, गुलाबी असले म्हणून काय झाले! आणि चूर्ण मधातून घ्या, च्यवनप्राश दुधातून घ्या, असे मधुमेही माणसाला सांगणाऱ्यांनी मध कशाने गोड असतो याचा विचार करावा.

आता जिवाशी गाठ आहे ते सांगते. दुधीचा रस. हृदयाला चांगला म्हणून सकाळी सकाळी पुष्कळ घरांत काढतात, आणि मधुमेह असला की त्यातच कारल्याचा रस मिसळतात. २०१० साली दिल्लीत एका गृहस्थांचा असा मिसळलेला रस पिऊन मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधी, काकडी, पडवळ या कुळात एक कडू विषारी द्रव्य असते. एरवी नगण्य, पण एखाद्या फळात भलतेच वाढते. मग ओकाऱ्या, जुलाब, रक्ताची उलटी, रक्तदाब धाडकन खाली. त्यावर उतारा असे औषध नाही. समितीने सांगितले की रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून बघावा, कडू लागला तर रस मुळीच पिऊ नये, आणि दुसऱ्या रसात मिसळू नये.

हे वाचून मला माझ्या आईची आठवण झाली. दुधी किंवा काकडी चिरताना ती देठाकडची चकती जिभेला लावल्याशिवाय पुढे जात नसे. कडू निघाली की सबंध फळ गुरांनासुद्धा न घालता उकिरड्यावर. समितीने जे सांगितले ते तिला ठाऊक होते. यंत्रात रस काढताना आपण चाखायचे विसरलो, आणि कारले मिसळले की विषाचा कडूपणा कारल्याच्या नावावर खपून जातो. शिजवल्यानेही तो कडवटपणा जातोच असे नाही, म्हणून भाजीलाही चाखावे. आणि रस प्यायल्यावर ओकारी, पोटात कळ असे काही झाले तर तडक रुग्णालय गाठावे.

राहता राहिली ती बाजारातली बिननावाची पुडी. २००८ साली अमेरिकेत संगणकावरून मागवलेली १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा सोमल सापडला. शिशाने रक्तदाब वाढतो. शिवाय असल्या पुड्यांत इंग्रजी औषधाची गोळी कुटून मिसळल्याची उदाहरणे निरनिराळ्या देशांत नोंदली गेली आहेत. आमच्या जाऊबाईंची साखर बरी कशाने दिसत होती, तो संशय मला अजून आहे. मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. मी पुडीवाल्याला हेच म्हटले, तर तो मला म्हणाला, "बाई, तुम्ही वकीलीण का?" बाजारातल्या लोकांना हसू आले. हसू दे. पाटी मात्र त्याने पुढच्या गुरुवारी पालथी घातली होती.

शिकलेल्या वैद्यांनी रोगी तपासून, नाव लिहून दिलेले औषध निराळे. तेही डॉक्टरांना सांगावे, आणि डॉक्टरांच्या गोळ्या वैद्यांना दाखवाव्या. रागावतील म्हणून लपवू नये. एखादी गोळी सोसत नसेल, पाय दुखत असतील, पोट बिघडत असेल, तर तसे सांगितले म्हणजे ती बदलून मिळते. गोळ्या महाग पडतात म्हणून पुडीकडे वळणाऱ्याही आपल्यात आहेत, मला ठाऊक आहे. त्यांनी स्वस्तातल्या जेनेरिक गोळ्यांबद्दल विचारावे. औषध तेच असते. संकोच वाटला तर मला सांगा, मी बरोबर येईन.

आपल्या डॉक्टरीणबाईंनी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सात वाजता मंडळाच्या खोलीत रक्तदाब आणि साखर तपासण्याचे कबूल केले आहे. त्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे, काढे, तेले, नाव असलेली आणि नसलेली, एका पिशवीत घालून आणावीत. कोणाची पिशवी कोणी उघडून बघणार नाही, डॉक्टरीणबाईच बघतील. उपाशीपोटी यावे. रक्त देऊन झाले की चहा मंडळातर्फे आहे. साखर निराळ्या वाटीत ठेवू.